पाकट कापायचं असेल तर हिच्याकडे न्या

गोव्यात शिवोलीचा पूल ओलांडून चोपड्याच्या बाजूला उतरलं की सकाळी सात-साडेसातपासून रस्त्याच्या कडेला मासळीच्या टोपल्या घेऊन बायका बसलेल्या दिसतात. त्या रांगेच्या टोकाला निळ्या ताडपत्रीखाली एक बाई बसते. तिच्यापुढे टोपली नसते. एक जाड लाकडी फळी, आडाळी म्हणजे विळी, एक कोयता, दोन सुऱ्या आणि पाण्याच्या दोन बादल्या, एवढाच संसार. ती मासे विकत नाही, कापून देते. सगळे तिला मावशी म्हणतात म्हणून मीही मावशीच म्हणते, वयाने ती माझ्याहून लहान असली तरी.

बांगडे, तारले, लेपे असं बारीक असेल तर किलोला 30 ते 40 रुपये घेते. इसवण कापायची असेल तर आकार बघून सांगते. मुशी म्हणजे छोटा शार्क आणि पाकट म्हणजे पंख पसरल्यासारखा चपटा मासा, यांचे 100 रुपये, कारण त्यात वेळ जातो. आता कोणी म्हणेल, मासे कापून देण्याचा काय अभिप्राय लिहायचा? कोणीही कापतं. मलाही तसंच वाटायचं. चार महिने तिच्याकडे जाते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मराठी शाळेत 32 वर्षं विज्ञान शिकवलं. माहेर मालवणचं, सासर पेडणे तालुक्यातलं. मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली आणि जानेवारीच्या शेवटी आम्हाला नात झाली. माझ्या आईच्या घरी बाळंतिणीला मुशी किंवा वागळी खायला घालायची रीत होती, अंगावर दूध चांगलं येतं म्हणून. वागळी म्हणजे पाकट. आम्ही वागळी म्हणायचो, शाळेच्या पुस्तकात पाकट आलं. आईने माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिरफळं घालून केलेलं वागळीचं सुकं मला अजून आठवतं, आणि लेकीला तेच करून घालायचं हे मी सातव्या महिन्यापासून मनाशी धरून ठेवलं होतं.

पण पाकट विकत घ्यायची मला भीती बसली होती, आणि तिचं कारण सांगायलाच हवं. मागच्या वर्षी एका मोठ्या बाजारातून मी पाकट आणलं. तिथे कापणारा मुलगा होता, हात भराभर चालत होता, मी शेजारी भाजी घेत उभी होते. त्याने तुकडे करून पिशवी बांधून दिली. घरी येऊन पातेल्यात ओतली तर तुकड्यांमध्ये दोन पिल्लं. एक अख्खं, एक मधून कापलेलं. इवलेसे पंख, इवलीशी शेपटी, डोळे उघडे. आईबरोबर तीही कापली गेली होती, आणि त्या मुलाने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्या दिवशी जेवले नाही. राग त्या मुलाचा आला, तसाच स्वतःचाही आला. मी शाळेत 'अंडज आणि जरायुज', म्हणजे अंडी घालणारे आणि पिल्लं देणारे प्राणी, शिकवत आले आणि आपण काय विकत घेतो आहोत ते मला ओळखता आलं नव्हतं.

म्हणून या वेळी शेजारणीने मावशीचं नाव काढलं तेव्हा पहिल्यांदा मी नुसती बघायला गेले. बुधवार होता, फेब्रुवारीचा पहिला आठवडा. रांगेतल्या एका बाईकडे दीड हात रुंदीचं एक पाकट होतं. नेहमीचं लांब चाबकाच्या शेपटीचं नव्हे. याचे दोन्ही पंख बाजूला पसरलेले, लांबीपेक्षा रुंदी जवळजवळ दुप्पट, आणि अंगाच्या मानाने शेपटी बारीक, तिच्यावर काळे पट्टे. पतंगासारखं, नाहीतर पंख पसरून बसलेल्या फुलपाखरासारखं. इंग्रजीतही त्याला 'बटरफ्लाय रे' म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर जे मिळतं ते जिम्नुरा पोइसिल्युरा. मी दर ठरवला, आणि पैसे द्यायच्या आधी ते मावशीच्या फळीवर ठेवलं.

तिने काय केलं ते नीट सांगते. सुरीला हात लावला नाही. आधी पाकट उलटं केलं. पोटाची बाजू पांढरीशुभ्र. तिने शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे छोटे पंख बोटांनी फाकवले, बघितलं आणि म्हणाली, "बायल." म्हणजे मादी. मग पंखांच्या मधोमध, शेपटीच्या जरा वर, तळवा ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला, जसा सुईण पोटावर ठेवते. पुन्हा एकदा खालचं भोक बघितलं, ते लालसर आणि सुजलेलं होतं. मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "बाई, ही गुरवार आहे. कापू की परत देऊ?"

गुरवार म्हणजे पोटुशी. माझ्या अंगावर काटा आला. मला जे मागच्या वर्षी घरी पातेल्यात कळलं होतं ते हिने तळहाताने ओळखलं, आणि कापायच्या आधी विचारलं. परत देणं म्हणजे काय हेही तिने सांगितलं. विकणारीशी तिचं बोलणं झालेलं आहे. गिऱ्हाईक नको म्हणालं तर बदलून दुसरी मासळी मिळते. त्यासाठी मावशी पैसे घेत नाही.

पाकट मेलेलं होतं, बर्फात होतं, पाण्यात परत जाणार नव्हतं. मी म्हटलं, कापा, पण हळू, मला बघायचं आहे. मी शाळेत शिकवायची हे सांगितल्यावर तिने बसायला पाट सरकवला.

आता नर-मादी कसे ओळखायचे ते तिनेच मला शिकवलेलं इथे लिहिते, कारण हे कळायला सुरीही लागत नाही. नर पाकटाला शेपटीच्या मुळाशी, मागच्या छोट्या पंखांच्या आतल्या कडेला, दोन दांडे असतात. पुस्तकात त्यांना क्लास्पर म्हणतात. बांगडा किंवा तारली पाण्यात अंडी सोडते आणि नर त्यावर वीर्य सोडतो. पाकटाचं तसं नाही. नर एक दांडा मादीच्या शरीरात घालतो, फलन आत होतं. त्या वेळी तो मादीच्या पंखाची कड दातांनी धरून ठेवतो. म्हणून मोठ्या माद्यांच्या पंखांवर कधी कधी चाव्यांचे वण दिसतात. मावशी ते वण दाखवते. दांड्यांवरून वयही कळतं. कोवळ्या नराचे दांडे आखूड आणि मऊ, बोटाने वाकवले तर रबरासारखे वाकतात. वयात आलेल्याचे लांब आणि कडक, आत कूर्चा कठीण झालेली असते. शेजारी कोणाच्या तरी पिशवीत एक लहान नर होता, त्याचे दांडे वाकवून मावशी म्हणाली, "ह्याचं लग्नाचं वय झालं नव्हतं." संशोधकही नेमकी हीच परीक्षा करतात. मोजतानाही ते डोक्यापासून शेपटीपर्यंत मोजत नाहीत, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी घेतात, कारण शेपटी जाळ्यात तुटून जाते. मावशीही रुंदीच सांगते, फक्त वितीत.

मग तिने लहान सुरी घेतली. पोटाची कातडी अर्ध्या गोलात कापून झाकणासारखी उचलली. आधी यकृत, फिकट तपकिरी, तेलकट, भलं मोठं. ते बाजूला सारल्यावर खाली एक फुगलेली गुलाबी पिशवी. गर्भाशय. तिने त्याला टोकाला इंचभर चीर दिली आणि आतून दाट पांढरट-पिवळसर रस तिच्या बोटांवर उतरला. नारळाचा पहिला रस काढल्यावर जसा दिसतो तसा, फक्त जरा चिकट.

"दूध," ती म्हणाली.

मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं. स्कॉलिओडॉनचं, म्हणजे आपल्या मुशीचं, विच्छेदन केलं होतं. मुशी पिल्लांना जन्म देते आणि तिच्या पिल्लाला आईशी जोडणारी नाळ असते, हे तेव्हापासून माहीत होतं. पाकटाला नाळ नसते हेही वाचलं होतं. पण नाळ नाही म्हणजे पिल्लू अंड्यातल्या बलकावरच वाढत असणार, असं मी धरून चालले होते. पोटातल्या पोटात आई दूध पाजते हे मी फळीवर पहिल्यांदा पाहिलं.

पिशवी पूर्ण उघडल्यावर आत तीन पिल्लं. प्रत्येकाचे पंख एकावर एक दुमडलेले, हळदीच्या पानात पातोळी मुडपतात तसे. मावशीने एकाचे पंख ओल्या बोटांनी उलगडले. माझ्या तळहाताहून थोडं मोठं, पाठीवर आईसारखेच बारीक ठिपके उमटायला लागलेले. पोटाशी बलकाची पिशवी वाटाण्याएवढी उरली होती, म्हणजे ती शिदोरी कधीच संपत आली होती आणि पिल्लू दुधावर होतं. आणि गर्भाशयाची आतली बाजू! मखमल असते ना, तिचे धागे बोटभर लांब झाले तर कसे दिसतील, तशी. लालबुंद, मऊ, दाट धागे. त्यातलेच दोन-तीन एका पिल्लाच्या डोळ्यामागच्या भोकाशी चिकटलेले होते. मावशीने ते हलकेच बाजूला केले. मला वाटलं कापताना चिकटले असतील.

तसं नव्हतं. घरी येऊन नात झोपल्यावर मी दोन रात्री वाचत बसले. पाकटाच्या डोळ्यामागे जे भोक असतं त्यातून ते श्वासाचं पाणी आत घेतं. तोंड खाली वाळूत असतं, म्हणून वरून घ्यायचं. फुलपाखरी पाकटाच्या पिल्लाच्या बाबतीत गर्भाशयाचे ते धागे या भोकांतून थेट आत, घशाकडे शिरलेले असतात आणि दूध तिथेच सोडतात. हे पहिल्यांदा नीट पाहून लिहिलं गेलं ते आपल्याच समुद्रांतल्या पाकटावरून. 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावरचे डॉक्टर अल्कॉक आणि कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे वुड-मेसन या दोघांनी 1891 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत ते प्रसिद्ध केलं. त्या धाग्यांना त्यांनी ट्रोफोनेमाटा असं नाव दिलं, म्हणजे पोसणारे धागे. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. मी 32 वर्षं मुलांना मासे अंडी घालतात असं सांगत होते, फार तर मुशीचा अपवाद सांगायची, आणि हे सगळं आमच्या मासळीच्या टोपलीत पडलेलं होतं.

पाकटाच्या सगळ्या नात्यागोत्यात असंच चालतं असं नाही. पाकटासारखेच दिसणारे 'स्केट' नावाचे मासे चामड्यासारख्या चौकोनी कोषात अंडी घालतात. आपल्या टोपलीत येतात ती पाकटं मात्र पिल्लं देणारी. आणि देतात किती? फुलपाखरी पाकट एका खेपेला जास्तीत जास्त सातेक पिल्लं देतं, बऱ्याचदा कमीच. शेपटीला काटा असलेल्या आपल्या नेहमीच्या पाकटांच्या पोटात एक-दोन-तीन. बांगड्याची मादी हजारोंनी अंडी सोडते. एका जाळ्यात शंभर बांगडे गेले तरी समुद्रात भरून काढायला बांगडे आहेत. एक मोठी पाकटाची मादी गेली तर ती वयात यायला लागलेली वर्षं, पोटातली पिल्लं आणि पुढच्या सगळ्या खेपा, सगळंच गेलं. आईचं अंग जितकं मोठं तितकी तिची किंमत जास्त, समुद्रालाही आणि बाजारालाही. अडचण तीच आहे.

आता सेवेकडे येते, कारण कोणी म्हणेल बाई विज्ञानातच रमल्या.

कापणं अप्रतिम. काटा असलेलं पाकट असेल तर पहिलं काम शेपटीवरच्या काट्याचं. दोन्ही कडांना करवतीसारखे दाते असतात आणि वर विष असलेली कातडी. मावशी तो कोयत्याच्या एका घावाने मुळापासून तोडते आणि प्लास्टिकच्या बाटलीत टाकून बूच लावते, उघड्यावर फेकत नाही. तिने सांगितलं की कोणाला काटा लागला तर ती आधी सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायला लावते आणि मग डॉक्टरकडे पाठवते. हे बरोबरच आहे, गरम पाण्याने त्या विषाची कळ कमी होते. उथळ पाण्यातून चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या, म्हणजे खालचं पाकट आधीच सरकतं, हेही ती गिऱ्हाइकांना सांगते.

कातडी ती ओरबाडत नाही. पंखाच्या कडेला चीर देऊन फडक्याने धरते आणि एका ओढीत सोलते. तुकडे कूर्चेला समांतर करते, त्यामुळे रश्श्यात कुसं सुटत नाहीत. आणि पिशवी देताना प्रत्येकाला बजावते, "आजच्या आज चुलीवर ठेव, फ्रीजमध्ये उद्यासाठी नको." यालाही कारण आहे. मुशी-पाकटाच्या अंगात युरिया भरपूर असतो, समुद्राच्या खारट पाण्यात अंगातलं पाणी टिकवायला. मासा मेला की त्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो नाकात जाणारा वास येतो. लोक म्हणतात पाकट वासट असतं. ताजं असेल, मीठ-हळद लावून धुतलं असेल तर नसतं. आई तिरफळं आणि आंबट सोलं का घालायची ते मला आता कळतं.

पण माझ्या मते तिच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ती नाही म्हणते तो. पंखांच्या मधोमध हात ठेवते, विचारते, आणि पुष्कळ लोक परत देतात. मी तिथे बसून पाहिलं आहे. एक तरुण जोडपं होतं, मुलीने ऐकलं आणि मागे सरली, म्हणाली बांगडेच द्या. एका गृहस्थांनी म्हटलं, पिल्लं असतील तर उलट चांगलं, मऊ लागतात. मावशी त्यांना म्हणाली, "मग दुसऱ्याकडे कापून घ्या." 100 रुपये सोडले.

तिचा दीर मोरजीच्या किनाऱ्यावर रापणीत आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, पेडणे-बार्देशातल्या लोकांना सांगायला नको. ट्रॉलरच्या जाळ्यातलं पाकट वर येईपर्यंत बहुधा मेलेलं किंवा मरायला टेकलेलं असतं. रापणीत ते वाळूवर जिवंत येतं. मावशीने दिराला सांगून ठेवलं आहे की उलटून बघा, पोट फुगलेलं असेल तर लगेच पाण्यात सोडा, शेपटीला हात न लावता दोन्ही पंखांखाली हात घालून. लगेच का, तर जाळ्यात ताण आला की पाकट पोटातली पिल्लं अवेळी टाकतं. रापणकारांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. वाळूवर पिल्लं पडलेली त्यांनी पाहिली आहेत. ऑस्ट्रेलियातल्या काही संशोधकांनी 2018 साली जगभरातल्या अशा नोंदी एकत्र करून दाखवलं की मुशी आणि पाकटांच्या कितीतरी जातींत हे होतं, आणि माशागणिक नोंद ठेवणाऱ्यांनी अशी अकाली पडलेली पिल्लं बघून तिथे त्यांची जन्मभूमी आहे असा चुकीचा अर्थ लावू नये. मावशीचं म्हणणं साधं आहे. पिल्लं टाकायच्या आधी सोडलं तर चौघं वाचतात, टाकल्यावर सोडलं तर एकटी आई.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि लोकांना वाटतं, त्यात सगळ्या मासळीची पैदास झाली. पुष्कळ मासळीला ती उपयोगी आहेच. पण पोटात पिल्लू वाढवणाऱ्या माशाचं वेळापत्रक त्या दोन महिन्यांत बसत नाही. मी फेब्रुवारीत गुरवार पाकट पाहिलं, मार्चच्या शेवटी पुन्हा पाहिलं. म्हणून पाकटासाठी बंदीवर विसंबून चालणार नाही. ओळखणारा हात लागतो.

मी पुढे काय केलं असं कोणी विचारेल. त्या दिवशी मी पाकटाचे पैसे दिले आणि मांस घेतलं नाही, मावशीला दिलं. लेकीला मुडदुशांचं हलकं कालवण करून घातलं. दुधाला काही कमी पडलं नाही, नात गुटगुटीत आहे. तेव्हापासून आमच्या घरी मोठं पाकट येत नाही. बाजारात मेलेलं पाकट मी घेतलं नाही म्हणून ट्रॉलरवाला जाळं टाकायचा थांबणार नाही, हे मला कळतं. पाकट त्याला मुद्दाम नको असतं, इतर मासळीबरोबर येतं. पण रापणीत आणि छोट्या होडीच्या जाळ्यात ते जिवंत येतं, आणि तिथे माणूस ते सोडायचं की विकायचं हे ठरवताना बाजारात गिऱ्हाईक आहे का हेच बघतो. 2021 साली जगातल्या मुशी-पाकट कुळांच्या 1,199 जातींचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात 391 जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत असं निघालं. मुख्य कारण एकच, गरजेपेक्षा जास्त मासेमारी. आपलं फुलपाखरी पाकटही आंतरराष्ट्रीय लाल यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेलं आहे. हे वाचून मला आईची आठवण आली. तिच्या काळी वागळी गरिबाची मासळी होती, कोणी विचारायचं नाही, स्वस्त मिळायची. आज तिला दर आला आहे.

त्रुटी सांगितल्या नाहीत तर अभिप्राय अपुरा राहील. रविवारी सकाळी नऊनंतर जाऊ नका, तासभर उभं राहावं लागतं आणि सावली फक्त मावशीच्या डोक्यावर आहे. गर्दीत बादलीतलं पाणी लाल होईपर्यंत बदललं जात नाही. मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तिने लगेच बदललं, पण सांगावं लागतं. तिसऱ्या आणि कुर्ल्या ती साफ करत नाही. गुरुवारी तिचा खाडा असतो. पैसे रोख द्यावेत. सुनेच्या नावाचा क्यूआर कोड आहे, पण सून नसली तर पैसे आले की नाही हे मावशीला कळत नाही आणि ती संकोचाने विचारत नाही. पिशवी आपली न्या, शक्यतो डबा.

एक काम मी तिच्याकडून जास्तीचं करून घेतलं, आणि ज्यांच्या हातात शाळा आहे त्यांनी करून घ्यावं म्हणून सांगते. मार्चच्या शेवटी तिला मी माझ्या जुन्या शाळेत नववीच्या वर्गासमोर नेलं. पैसे तिने नको म्हटलं, मी रिक्षाचं भाडं तेवढं तिच्या हातात ठेवलं. त्या सकाळी ट्रॉलरवरून आलेलं एक ठिपक्यांचं, लांब शेपटीचं पाकट तिने डब्यात बर्फ घालून आणलं होतं. परत न्यायला विकणारीला पटवणं शक्य नव्हतं म्हणून घेतलेलं, गुरवार. प्रयोगशाळेच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. तिने त्यांना उलटं करून दाखवलं, तळवा कुठे ठेवायचा ते एकेकाचा हात धरून दाखवलं. उघडल्यावर एकच पिशवी फुगलेली होती, डावीकडची. उजवी रिकामी, करंगळीएवढी. या जातीच्या पाकटांत बहुधा डावी बाजूच काम करते, हे मी मुलांना सांगितलं आणि त्यांनी वहीत आकृती काढली. आत दोन पिल्लं होती, जन्माला जवळजवळ तयार.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, पिल्लालाही काटा असतो, मग तो आईला आतून टोचत नाही का? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीने तिला पुढे बोलावलं. पिल्लाची शेपटी तिने अंगठा आणि बोट यांत धरली. काटा होता, तांदळाच्या दाण्याहून थोडा लांब, वर पातळ कातडीची म्यान. तिने त्या मुलीचं बोट घेऊन त्यावर ठेवलं आणि दाबलं. काटा वाकला.

"अजून कोवळा आहे," मावशी म्हणाली. "बाहेर आल्यावर कडक होतो."

मुलीने बोट काढलं नाही. मग बाकीची मुलं रांगेत उभी राहिली, आणि पुढच्या तासाची घंटा झाली तरी रांग संपली नव्हती.